टाकी चारची पोच

१

माझं काम नक्की काय, हे आमच्या बोईसरच्या सोसायटीत अजून कुणाला कळलेलं नाही. मी दिवसभर घरात असते, लॅपटॉपसमोर असते आणि मधूनच एकटी चिडून बोलते, एवढंच त्यांना माहीत. समोरच्या स्वातीने एकदा सरळच विचारलं, "शेअर बाजार करता का हो?" मी म्हटलं, नाही, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमची वापरायची माहिती लिहिते, मिक्सरच्या खोक्यात पुस्तिका येते ना, तसली. ती म्हणाली, "ती कोण वाचतं?"

खरंच कोणी वाचत नाही. लोक थेट उदाहरणावर येतात. चार-पाच ओळींचं तयार उदाहरण उचलतात, आपल्या कामात चिकटवतात, चाललं की जेवायला जातात. म्हणून माझा सगळा जीव उदाहरणांत. उदाहरणात चूक राहिली की ती एकाची राहत नाही, गावभर होते. मी, प्रियदर्शिनी, भांडकुदळ आहे असं जे धर्मेशभाई म्हणतात, ते याच कारणाने, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

धर्मेशभाई वापीला बसतात. त्यांनी 'जागल' नावाची लायब्ररी लिहिली आहे. लायब्ररी म्हणजे कुणीही फुकट उचलून वापरावा असा तयार कोड. कारखान्यात, लिफ्टमध्ये, शीतगृहात धोक्याचं बटण असतं. ते दाबलं की कुणाच्या तरी फोनवर निरोप जायला हवा, ते काम जागल करते. निरोप मिळालेल्या माणसाने पोच द्यायची. पोच येईपर्यंत निरोप उभाच राहतो. पोच म्हणजे नुसतं 'वाचलं' नव्हे, 'मी निघालो' असा तिचा अर्थ. हे मीच पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे, आणि तेही कोणी वाचत नाही.

होळी झाल्यावर धर्मेशभाईंनी मला सगळी उदाहरणं सुधारायला दिली. पहिल्याच उदाहरणाने माझं डोकं फिरलं. निरोप कुणाला पाठवायचा, त्या जागी पत्ता होता 'नमुना'. नवशिक्याने काहीही न बदलता चालवलं तरी चालावं म्हणून धर्मेशभाईंनी त्या नावाची खरीखुरी पेटी सर्व्हरवर उघडून ठेवली होती. निरोप तिच्यात पडायचा, समोर 'पाठवला' असं उमटायचं, नवशिका खूश. पेटी कोणी बघत नव्हतं. दिवस उलटला की आतलं आपोआप पुसलं जाई.

"पत्ता बदला, असं लिहिलंय ना," धर्मेशभाई फोनवर म्हणाले.

"कुठे लिहिलंय?"

"खालच्या परिच्छेदात."

"परिच्छेद कोण वाचतं, धर्मेशभाई?"

ते हसले. मी ती पेटी उघडली.

२

पेटी वाहत होती.

केळव्याच्या एका रिसॉर्टमधलं पोहायच्या तलावाचं बटण. सफाळ्याच्या भातगिरणीचं. बोईसरच्या दोन पंप कारखान्यांचं, एका इस्पितळाच्या लिफ्टचं आणि आणखी कुठकुठचं. ठेकेदारांनी उदाहरण जसंच्या तसं चिकटवलं होतं, पत्त्यासकट. बटणं भिंतीवर लागली, बिलं निघाली, तपासणीला आलेल्या माणसाने दाबून पाहिलं, 'पाठवला' उमटलं, त्याने सही केली. एवढ्या सगळ्या माणसांचं 'वाचवा' एका रिकाम्या पेटीत पडत होतं आणि पुसलं जात होतं.

मला आधी हसू आलं, मग इतका राग आला की चहा तसाच निवला. मी एकेकाला शोधून फोन लावायला बसले. केळव्याच्या रिसॉर्टचे मालक कमलाकांत मोठे गोड माणूस. "मॅडम, बटण तर लावलंय ना आम्ही," ते म्हणाले.

"बटण वाजतं कुठे, ते बघितलंत का?"

"आजवर कोणी बुडालं नाही हो."

मी त्यांना दोन शब्द सुनावले, पत्ता बदलून घेतला आणि पुढच्या नावाकडे वळले. नाव वाचून हात थांबला. निरोप असा होता: टाकी चार. आतलं बटण. दाबलं. पोच नाही.

कारखान्याचं नाव ओळखीचं होतं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला रंगाचा कारखाना. मागल्या की त्याच्या मागल्या दिवाळीआधी तिथे स्फोट झाला होता. आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या होत्या. त्यानंतर तो कारखाना सील झाला, वीज तोडली, मीटरही काढून नेले. आणि हा निरोप आत्ताचा होता.

मी तो मिटवला नाही. तासाभराने पुन्हा आला. पुन्हा तेच, टाकी चार, आतलं बटण.

डोकं ठिकाणावर असलेला माणूस करतो तेच मी केलं. कारणं शोधली. जुने निरोप कुठे तरी अडकून राहिले असतील आणि आता सुटत असतील. पण वेळ आत्ताची होती. कुणीतरी तिथला बटणाचा डबा भंगारात विकला असेल आणि तो दुसरीकडे लागला असेल. हे मला पटलं. भंगारवाला मला फार आवडला त्या दिवशी, त्याच्यावर सगळं ढकलून मी जेवले.

तरी त्या एका निरोपासाठी मी लॅपटॉपला वेगळा आवाज लावून ठेवला. लाकडावर बोट आपटल्यासारखा, टक्.

३

हंसाताई इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरहून मासळी घेऊन येते. आमच्या मजल्यावर टोपली उतरवून घटकाभर टेकायची तिची जागा म्हणजे माझ्या दारातला उंबरा. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. सोसायटीतल्या बायका तिच्या पाठीमागे त्या बांगड्यांवरून बोलत.

कारण तिचा नवरा, जानू. होडी विकल्यावर तो ठेकेदाराकडे कामाला लागला होता, त्याच रंगाच्या कारखान्यात. स्फोट झाला त्या दिवसापासून तो नाही. कंपनी म्हणाली, तो त्या दिवशी आतच नव्हता, जेवणाच्या सुट्टीत निघून गेला. ठेकेदार म्हणाला, बोईसर स्टेशनवर पिशवी घेऊन उभा होता, पाहिलाय आम्ही. गावातली माणसं म्हणाली, झालं ते झालं, आता पुतळा कर. दर्यात गेलेल्याचा देह मिळाला नाही तर गवताचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. हंसाताईने नकार दिला.

"दर्यावर गेला असता तर केला असता पुतळा," ती म्हणायची. "हा कंपनीत गेलाय. कंपनीला विचारा कुठं हाय तो. दर्याच्या नावावर का घालू?"

या एका गोष्टीसाठी मला ती फार आवडत असे. म्हणूनच टाकी चारचं मी तिला बोलणार नव्हते. भंगारवाल्याच्या एखाद्या डब्यावरून तिच्या जिवाला घोर लावायचा नव्हता.

त्या सकाळी ती बोंबील निवडून देत होती. आत लॅपटॉप वाजला. टक् टक्. मग जरा थांबून, टक्.

तिचा हात टोपलीतच राहिला.

"बाय, काय वाजलं?"

"माझं काम आहे ते."

"पुन्हा वाजव."

"माझ्या हातात नाही ते, हंसाताई."

ती उंबऱ्यावर तशीच बसून राहिली. बोंबलांवर माशी बसली तरी तिने हात हलवला नाही. बऱ्याच वेळाने पुन्हा वाजलं, दोन आणि एक. तोवर मी मोजत बसले नव्हते, निरोप तीन-तीनच्या जुडग्याने येतात हेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"आमच्या होडीवर," ती सावकाश म्हणाली, "खाली मासळीच्या खणात माणूस उतरतो. वर मशीनचा आवाज, हाक ऐकू येत नाय. मग तो फळीला ठोकतो. दोन आनी एक. म्हणजे मला वर घे."

"मग?"

"मग वरच्यानं एक ठोका द्यायचा. एकच. म्हणजे घेतो. आनी एकदा दिला की खणाच्या तोंडावरून हालायचं नाय. होडी बुडत असली तरी नाय. दोर हाताला लागला पायजे." तिने माझ्याकडे पाहिलं. "जानू घरात पन असाच ठोकायचा. मोरीतून, साबण दे म्हणून. मी हसायची."

मी तिला पाणी दिलं. मग सगळं सांगितलं. कारखान्याचं नाव सांगितलं तेव्हा ती रडली नाही. ती म्हणाली, "बघ. मी म्हणत होते ना, तो स्टेशनवर नाय गेला."

४

मी एकटीच स्कूटर काढून कारखान्यावर गेले. भर दुपार होती. वसाहतीतले रस्ते टँकरांनी भरलेले, नाकाला झोंबणारा तोच रोजचा वास. त्या एका फाटकापुढे मात्र गवत वाढलं होतं. फाटकाला सील, सीलवर गंज. आत खुर्ची टाकून चौकीदार बसला होता, चंद्रभान नावाचा, गोरखपूरकडचा.

"अंदर कोई नहीं है मॅडम," मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला.

"मी कुठे म्हटलं कोणी आहे?"

लाइट आहे का आत, विचारलं. "लाइट तो कब का कट गया. बॅटरी-विटरी, तार-वार, सब उखाड के ले गये साहब लोग." मी टाकी चारचं नाव काढलं तसा तो खुर्चीवरून उठला. खुर्ची उचलून त्याने फाटकाच्या अजून जवळ आणली आणि रस्त्याकडे तोंड करून बसला.

"आवाज येतो का?" मी विचारलं.

"टंकी गरम होती है तो लोहा बोलता है," तो म्हणाला. "दिन में लोहा बोलता है."

"दोन आणि एक?"

त्याने खुर्चीच्या दांड्याला लिंबू-मिरची बांधलेली मला तेव्हा दिसली.

फाटकातून टाक्या दिसत होत्या, उन्हात ओळीने उभ्या. चौथी सगळ्यांत मागे. तापलं की लोखंड बोलतं, हे खरं आहे. आमच्या गच्चीवरचे पत्रेही दुपारी बोलतात. पण पत्रे निरोप पाठवत नाहीत. मी फोनवर पेटी उघडली. टाकी चार, आतलं बटण, दाबलं. आणि त्याच क्षणी, लांबून, उन्हातून, ते आलं. फोन आणि लोखंड, दोन्ही एका वेळी.

चंद्रभानने मान वळवली नाही. मीही त्याला ऐकलंस का असं विचारलं नाही. स्कूटर सुरू व्हायला तीनदा किक मारावी लागली. मी घाबरले होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

५

टाकीच्या आत बटण का असतं, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. टाकी धुवायला माणूस झाकणातून आत उतरतो. आत वायू साचला, चक्कर आली, तर त्याने दाबावं म्हणून त्याच्यासोबत बटण आत सोडतात. जानू टाक्या धुवायचा. त्याने दाबलं असणार. निरोप गेला असणार. बाहेरच्या डब्यावर 'पाठवला' असं हिरवं उमटलं असणार. आणि मग दुसऱ्या टोकाला स्फोट झाला, सगळे पळाले, जो तो आपला जीव घेऊन गेला.

'नमुना' कोणी उघडून पाहिलं नाही, एवढीच या सगळ्यात चूक. चार ओळींचं उदाहरण, त्यातला एक शब्द.

मी धर्मेशभाईंना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "प्रियदर्शिनीबेन, आपण ही पेटी बंद करून टाकू. आज संध्याकाळीच. ज्यांनी पत्ता बदलला नाही त्यांना एरर दिसेल, आपोआप बदलतील. चांगलंच आहे ना?"

"आणि टाकी चार?"

"तिथे कोणी नाहीये."

"मग निरोप कोण पाठवतंय?"

"कुणी तरी हॅक केलंय. काहीही असेल. तुम्ही त्यात पडू नका. पेटी बंद झाली की तेही बंद होईल."

मला ठाऊक होतं की हा माणूस वाईट नाही. त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की माणसं सगळ्यात आधी आवाज बंद करतात. पण मला ते सहन झालं नाही. "पेटी बंद केलीत तर मी काम सोडीन," मी म्हणाले, "आणि का सोडलं ते लिहून जाईन."

"पहिल्या पानावर लिहाल? वाचतं कोण?"

"पहिल्या पानावर नाही, धर्मेशभाई. उदाहरणात लिहीन."

मी फोन ठेवला, पेटी उघडली. टाकी चार. पोच नाही. तिथे पोच द्यायचं एक बटण असतं. आजवर त्या पेटीत ते कुणीही दाबलं नव्हतं. मी दाबलं.

रागाच्या भरात दाबलं. त्या दोन शब्दांची, 'पोच नाही', मला चीड आली होती. कोणी तरी आहे इथे, एवढंच मला सांगायचं होतं.

६

टाकी चार गप्प झाली. लॅपटॉप वाजला नाही, संध्याकाळी नाही, दुसऱ्या सकाळी नाही. मी खिडक्या उघडल्या, भांडी घासली, उदाहरणं लिहायला बसले. अडकलेला निरोप होता, पोच दिली आणि सुटला. बघा, किती सोपं होतं.

दुपारी टक् टक् झालं. थांबून, टक्.

टाकी चार नव्हती. निरोपावर वसाहतीच्या नाक्यावरच्या वजनकाट्याचं नाव होतं. तिथल्या केबिनमधलं आतलं बटण. मी फोन लावला, तिथला माणूस वैतागून म्हणाला, केबिन रिकामी आहे, मी बाहेर चहा पितोय.

मग बोईसर स्टेशनकडच्या शीतगृहाचं आतलं बटण. मग आमच्याच रस्त्यावरच्या बँकेच्या तिजोरीघराचं. मला नकाशा काढायची गरज पडली नाही. मी इथे लहानाची मोठी झाले आहे, तारापूरहून बोईसरला येताना काय काय लागतं ते मला पाठ आहे.

आमच्या लिफ्टच्या ठेकेदारानेही उदाहरण जसंच्या तसं चिकटवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. लिफ्ट, आतलं बटण, दाबलं. मी दार उघडून पाहिलं. लिफ्ट आमच्या मजल्यावर येऊन उभी होती. जाळीतून आतला दिवा दिसत होता, आत कोणी नव्हतं. स्वाती भाजीची पिशवी घेऊन जिन्याने वर आली. "बिघडलीय वाटतं," ती म्हणाली. "कधीची इथेच उभी आहे. आतून कसला तरी रंगासारखा वास येतोय."

मी घरात आले, कडी घातली. टेबलावर माझी चाचणीची पट्टी असते, उदाहरणं करून बघायला. लाकडी पट्टीवर एक लहानसा डबा आणि एक लाल बटण. तिचा पत्ता मी मुद्दामच 'नमुना' ठेवला होता, जुनं उदाहरण तपासायला. वायर काढून ठेवलेली.

माझ्या समोर ते बटण आत गेलं. वर आलं. आत गेलं, वर आलं. उजेडात, खिडकी उघडी असताना, शेजारी कुकरची शिट्टी होत असताना. मग थांबलं. कोणी तरी बोट ठेवून माझ्याकडे बघत असावं, इतका वेळ थांबलं.

मग तिसऱ्यांदा गेलं, आणि वर आलं नाही. दाबलेलंच राहिलं.

७

हंसाताई आली तेव्हा मी जिन्यात बसलेले होते. दार सताड उघडं.

मी तिला सगळं सांगितलं. पोच दिली तेही. तिने टोपली खाली ठेवली.

"एक ठोका दिलास," ती म्हणाली, "आनी घरी येऊन बसलीस?"

"मला ठाऊक नव्हतं."

"तुझ्याच पुस्तकात लिवलंय म्हणालीस ना? मी निघालो, असा अर्थ?"

ती माझ्यावर चिडलेली नव्हती. तिने पदर खोचला. "त्यानं किती वाट बघायची? वरचा येत नाय तर खालचा येनार. चल, गाडी काढ."

"तिथे काय असेल ते मला माहीत नाही, हंसाताई."

"मला माहीत हाय? इतके दिवस सगळे मला सांगतात तो कुठं नाय. तू पयली हायस जी सांगते तो कुठं हाय. भीती वाटते तर मागं बस, मी चालवते."

तिला स्कूटर चालवता येत नाही. मीच चालवली.

८

चंद्रभानने फाटक उघडलं नाही. सील तोडता येत नाही, नोकरी जाईल, असं तो हात जोडून म्हणाला. मग मागच्या भिंतीला कुठे भगदाड आहे ते मात्र त्याने बोटाने दाखवलं आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसला.

टाकीला लोखंडी शिडी आणि वर उभं राहायला जाळीचा ओटा होता. जिथे जागलचा डबा असायचा तिथे चार भोकं आणि तुटलेल्या वायरचं टोक. बाकी तीन टाक्यांच्या झाकणांचे नट-बोल्ट गंजून लाल झाले होते. चौथीचे नवे होते, आणि वर एक लोखंडी पट्टी आडवी वेल्डिंग करून टाकलेली. रिकाम्या टाकीचं झाकण इतकं जीव तोडून कोण बंद करतं? हंसाताईने त्या पट्टीवरून हात फिरवला. तिच्या तोंडून एवढंच आलं, "मेल्या ठेकेदारानं केलं हे."

झाकणाशेजारी आत बघायची गोल काच असते, ताटलीएवढी. ती आतून काळी झाली होती. मधोमध तेवढी तळव्याएवढी जागा पुसलेली. आतून पुसलेली. मी डोळा लावला. आत अंधारच होता. मग त्या पुसलेल्या जागेवर आतून वाफ धरली. विरली. पुन्हा धरली, पुन्हा विरली. दुपारच्या उन्हात बंद टाकीत वाफ धरणारच, असं माझं डोकं म्हणालं. पण वाफ श्वासाच्या चालीने धरत नाही. मी मागे सरले.

"काय हाय?"

"तुम्ही नका बघू."

तिने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ती काचेला पाठ लावून ओट्यावर मांडी घालून बसली.

"मी आता हालनार नाय," ती म्हणाली. "कुनाला बोलवायचं ते बोलव."

मी सगळ्यांना बोलावलं. कारखाने तपासणाऱ्या साहेबांनी सांगितलं, उद्या अर्ज घेऊन या. मी म्हटलं, आम्ही टाकीवर बसलो आहोत, भिंतीच्या भगदाडातून आत घुसलोय, पकडायला या आणि येताना गॅस कटर आणा. पोलिसांना सांगितलं, वर्तमानपत्राच्या माणसाला सांगितलं, अग्निशमनवाल्यांना सांगितलं. कमलाकांतनाही सांगितलं, कारण त्यांच्या ओळखी फार. ते पहिल्यांदाच गंभीर झाले. "मॅडम, आमचं बटणही तिथेच वाजत होतं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तासाभरात साहेबांचाच उलटा फोन आला, निघालोय म्हणून.

थांबायचं होतं. मग मी पाठीवरच्या पिशवीतला लॅपटॉप तिथेच उघडला आणि पहिलं उदाहरण पुन्हा लिहिलं. आता ते 'नमुना'वर चालतच नाही. पत्त्याच्या जागी खऱ्या माणसाचं नाव घालावं लागतं, आणि त्या माणसाने स्वतः आधी एक पोच पाठवली नाही तोवर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. दोन ओळी वाढल्या. नवशिक्यांना जड जाईल, धर्मेशभाई कुरकुरतील. कुरकुरू देत. 'नमुना'ची पेटी मी बंद केली नाही. तिचा पत्ता माझ्या फोनवर वळवला, कारण जिथे कोड बदलायला आता कोणीच उरलेलं नाही अशा जागाही असतात. बदल पाठवला. पलीकडून धर्मेशभाईंनी तो मंजूर केला. खाली काही लिहिलं नाही, नेहमीसारखं अंगठ्याचं चित्रही टाकलं नाही.

ऊन उतरत होतं. टाकीतून आलं, आमच्या पाठीला लागून. टक् टक्. टक्. फोनवर उमटलं, टाकी चार, आतलं बटण. जाळीचा ओटा हलल्यासारखा वाटला.

हंसाताईने हात उचलला आणि मुठीने टाकीवर एक ठोका दिला. बांगड्या वाजल्या. एकच ठोका. घेतो.

लांबून सायरन ऐकू येत होता, नाक्याच्या आसपास असावा. आतलं सगळं शांत झालं. मला वाटलं, संपलं. ऐकलं त्याने, आता तो वाट बघेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग आतून ठोका आला.

एकच.

मी हंसाताईकडे पाहिलं. तो ठोका वरच्याने द्यायचा असतो, हे तिनेच मला सांगितलं होतं. ज्याच्या हातात दोर असतो तो देतो, म्हणजे आता ओढणारं कोणी आत होतं. तिच्या पाठीमागच्या काचेवर आतून पूर्ण तळवा टेकलेला होता आणि त्याच्या शेजारी आणखी तळवे होते, एवढं मी पाहिलं. मग मी बघणं सोडलं आणि तिचा दंड धरला. "खाली चला, हंसाताई. आत जानू एकटा नाहीये. खाली चला."

ती उठली नाही. तिने एक पाय ओट्याच्या कठड्याला लावला, दोर ओढताना होडीवर लावतात तसा, आणि उरलेल्या हाताने झाकणावरची पट्टी घट्ट धरली.

"ओढू दे," ती म्हणाली. "मी नवापूरची हाय. बघू, कोन कोनाला ओढतो."

मी तिचा दंड सोडला नाही. माझाही पाय कठड्याला लावला.